बेटं किती, मुक्काम किती?

लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासाला किंवा लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला थायलंडला निघालेल्या मराठी जोडप्यांचे कार्यक्रम पाहिले, तर ते पुष्कळदा एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. आठ रात्री आणि त्यात फुकेत, फी फी, क्राबीचा किनारा आणि शेवटी पलीकडच्या समुद्रातलं समुई. मधल्या दिवसांत ‘चार बेटं’, ‘सात बेटं’ अशा बोटीच्या सहली. नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडने भारतीयांसाठी व्हिसाची अट काढून टाकली, तेव्हापासून हा मार्ग आणखी गजबजला आहे. या लेखाचं म्हणणं या साच्याच्या विरोधात आहे. दोघांनीच जायचं असेल आणि हाताशी आठवडाभराचीच रजा असेल, तर बेटामागून बेट पालथं घालण्यापेक्षा एक, फार तर दोन बेटं निवडून तिथे राहावं. या प्रवासात जी गर्दी नकोशी होते, ती बेटांपेक्षा वेळापत्रकामुळे होते आणि वेळापत्रक बदलणं दोघांच्या हातात असतं. पण उलट मत मांडणारेही विचार करूनच बोलत असतात. म्हणून वादाच्या आपल्या जुन्या रीतीप्रमाणे त्यांचं म्हणणं आधी पुरत्या जोराने मांडू आणि मग त्याला उत्तर देऊ.

पूर्वपक्ष : तुमचा सल्ला भरपूर रजा असलेल्यांसाठी ठीक आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे असले, की दोघांच्या रजेचा मेळ वर्षातून एकदा बसतो, तोही आठ-नऊ दिवसांचा. विमानाचं भाडं एकदा भरायचं. पुढे मुलं होतात, आईवडिलांची दुखणी निघतात, घराचे हप्ते असतात. परत जाणं कधी होईल कोण सांगणार? अशा वेळी जितकं पाहता येईल तितकं पाहून घ्यावं. फी फीची खाडी वेगळी, क्राबीचे कडे वेगळे, समुईच्या माडांच्या बागा वेगळ्या. एकाच पुळणीवर आठ दिवस काढायचे असतील, तर गणपतीपुळ्याला जायला काय हरकत आहे?

उत्तरपक्ष : रजा थोडी आहे हे मान्य, आणि थोडी आहे म्हणूनच तिचा हिशेब नीट मांडायला हवा. आठ रात्री म्हणजे नऊ दिवस. त्यातला पहिला दिवस पोहोचण्यात जातो, शेवटचा परतण्यात. चार ठिकाणी राहायचं म्हणजे मध्ये तीनदा बिऱ्हाड हलवायचं. हलण्याचा दिवस कसा जातो ते पाहा. खोली अकरा-बाराच्या आत सोडायची आणि नवी खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळायची नाही. मधल्या वेळात व्हॅनने धक्क्यावर जायचं, रांगेत उभं राहायचं, बोटीत बसायचं, पलीकडच्या धक्क्यावर बॅगा उतरवून पुन्हा गाडी शोधायची. फुकेत ते फी फी हे अंतर मोठ्या फेरीने सुमारे दोन तासांचं, पण त्या दोन तासांभोवती सगळा दिवस गुंडाळला जातो. क्राबीहून समुईला जायचं तर आधी जमिनीवरून पलीकडच्या किनाऱ्यावर जायचं आणि मग फेरी पकडायची, त्यात सकाळची संध्याकाळ होते. येणं, जाणं आणि तीन बदल मिळून पाच दिवस गेले, म्हणजे सबंध मोकळे दिवस उरले चार. तेच एका बेटावर राहिलात तर सात उरतात, दोन बेटांवर राहिलात तर सहा. जास्त पाहण्यासाठी आखलेल्या कार्यक्रमात पाहायलाच कमी दिवस उरतात, हा साधा हिशेब आहे. शिवाय अंदमान समुद्राकडच्या बाजूला जे पाहायचं, ते बरंचसं एकाच जातीचं आहे. फांग न्गा उपसागरातले सुळके, रायलेचे कडे आणि फी फीच्या भिंती या सगळ्या चुनखडीच्या, पाण्याने कोरलेल्या. कोणत्याही एका ठिकाणी राहून दोन-तीन दिवसांच्या सहलींत ते रूप डोळे भरून पाहता येतं. त्यासाठी रोज नवी खोली घ्यायला नको.

याहून मोठी गोष्ट ऋतूची. थायलंडच्या दोन किनाऱ्यांचे पावसाळे वेगवेगळे आहेत, आणि चार बेटं एका माळेत ओवणाऱ्या कार्यक्रमांत नेमकी हीच बाब सुटते. फुकेत, फी फी, क्राबी, लांता ही पश्चिमेची बाजू आपल्यासारखीच नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या वाटेत येते. तिथे मे ते ऑक्टोबर पाऊस आणि खवळलेला दर्या, नोव्हेंबर ते एप्रिल उघाड. समुई, फांगान, ताओ ही आखाताकडची बेटं मात्र ईशान्य वाऱ्याचा पाऊस घेतात. तिथे सर्वांत ओले महिने ऑक्टोबर ते डिसेंबर. आता आपल्या लग्नांचा हंगाम आठवा. तुळशीच्या लग्नानंतर नोव्हेंबर-डिसेंबरात जे विवाह होतात, त्या जोडप्यांना अंदमानची बाजू उत्तम, पण त्याच कार्यक्रमात शेवटी समुई जोडलं की तिथे मुसळधार पाऊस भेटण्याची शक्यता दाट. मे महिन्यातल्या लग्नांचं बरोबर उलटं. तेव्हा फुकेतच्या पश्चिमेकडच्या पुळणींवर ओढीचे प्रवाह असतात आणि पोहू नका म्हणून लाल झेंडे लागतात, तर समुई-ताओकडे समुद्र बराच शांत असतो. दोन्ही बाजू एका दमात करायच्या तर जानेवारी ते मार्च एवढेच महिने सोयीचे. इतर वेळी एक बाजू सोडून देणं हाच शहाणपणा.

पूर्वपक्ष : ऋतूचं पटलं. पण गर्दीचं काय? 2019 मध्ये थायलंडला जवळपास 4 कोटी परदेशी पर्यटक आले होते, 2024 मध्येही साडेतीन कोटींच्या वर आले. एवढी माणसं येतात तिथे तुम्ही थांबलात काय आणि फिरलात काय, गर्दी ती गर्दीच. फी फीच्या तोन्साई गावात मध्यरात्र उलटली तरी दणदणाट चालू असतो. मुक्काम केला की एकांत मिळतो, हा भ्रम आहे. उलट फिरत राहणाऱ्याला निदान नावडलेली जागा दुसऱ्या दिवशी सोडता येते.

उत्तरपक्ष : गर्दी सगळीकडे आणि सगळ्या वेळी सारखी असते हे गृहीतच तपासून पाहायला हवं. माया बे हे त्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. फी फी ले बेटावरची, तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेली ही लहानशी खाडी 2000 साली आलेल्या ‘द बीच’ या चित्रपटामुळे जगाला ठाऊक झाली. पुढच्या काळात तिथे दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं आणि दोनशेपर्यंत बोटी येऊ लागल्या. नांगरांनी आणि पंख्यांनी प्रवाळ मोडले. शेवटी जून 2018 मध्ये सरकारने खाडी बंद केली आणि ती उघडली जानेवारी 2022 मध्ये. पण त्या हजारो माणसांपैकी तिथे राहणारं कुणीही नव्हतं, कारण फी फी लेवर राहायला हॉटेलच नाही. ती सगळी गर्दी दिवसाच्या सहलींची होती. फुकेत आणि क्राबीच्या हॉटेलांतून सकाळी जवळपास एकाच वेळी माणसं उचलायची, एकाच सुमाराला बोटी सोडायच्या, त्याच तीन-चार जागा त्याच क्रमाने दाखवायच्या आणि दुपार कलताना परत फिरायचं, हा या सहलींचा ठरलेला क्रम. त्यामुळे पन्नास बोटी एकाच तासाला एकाच पाण्यात येतात आणि पुढच्या तासाला तेच पाणी रिकामं असतं. क्राबीजवळ तुप आणि काय या बेटांना जोडणारी वाळूची पट्टी ओहोटीलाच उघडी पडते, तेव्हा तिथे येणारी गर्दी भरती-ओहोटीच्या तक्त्याप्रमाणे वाढते नि ओसरते.

म्हणजे गर्दी टाळायला दूरचं, अनोळखी बेट शोधण्याची गरज नाही, तास बदलणं पुरतं. आणि तास बदलण्याची मुभा असते ती मुक्कामाला असलेल्यांना. शेजारच्या, वस्ती असलेल्या फी फी डोनवर राहणाऱ्या दोघांना तिथल्या लांब शेपटीच्या मोटारबोटीने, म्हणजे लाँगटेलने, फी फी लेला पोहोचायला फार वेळ लागत नाही. फुकेतच्या बोटी येण्याआधी ते जाऊन परतू शकतात. रायलेला कड्यांमुळे जमिनीवरून रस्ताच नाही, तिथे बोटीनेच जावं लागतं. म्हणून दिवसाचे पाहुणे परतले की संध्याकाळची पुळण राहणाऱ्यांची होते. तोन्साईच्या दणदणाटाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण तो त्या चिंचोळ्या गावापुरता आहे. त्याच बेटाच्या उत्तर टोकाला वेगळं जग आहे. समुईवर चावेंगची पुळण म्हणजे समुई नव्हे, आणि फांगानवर पौर्णिमेच्या रात्री हाद रिनला जो जल्लोष होतो, तो उत्तरेच्या किनाऱ्यावर नसतो. फांगानला जाण्याआधी पंचांगात पौर्णिमा पाहून घेतली तरी निम्मं काम होतं. लांता आणि याओ नोई ही बेटं तर फुकेत-क्राबीच्याच पट्ट्यात असून पुष्कळ निवांत आहेत. नावडती जागा सोडता येते हा फिरण्याचा फायदा तुम्ही सांगता, पण खोल्या आधीच आरक्षित केलेल्या असतात, त्यामुळे आवडती जागाही दुसऱ्या दिवशी सोडावीच लागते.

पूर्वपक्ष : स्वतंत्र बोट करायची म्हणजे खर्च आला. सहलीत माणशी पैसे भरले की बोट, जेवण, वाटाड्या, लाइफ जॅकेट सगळं मिळतं. दोघांनी सबंध बोट ठरवली तर आठ जणांचं भाडं दोघांवर पडतं. शिवाय आपल्याकडे कितीतरी जणांना पोहता येत नाही. अनोळखी समुद्रात एकट्या बोटवाल्याबरोबर जायचं हे बायकोच्या नाही तर नवऱ्याच्या घरच्यांना पटणार नाही. जेवणाचा प्रश्न आणखी वेगळा. शाकाहारी माणसाला लहान बेटावर काय मिळणार?

उत्तरपक्ष : खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण तो पूर्ण हिशेबात मांडा. तीन वेळा बिऱ्हाड हलवायला दर वेळी दोन बाजूंच्या गाड्या आणि बोटीची तिकिटं लागतात. ते पैसे वाचले, की त्यातून एक-दोन सकाळी स्वतःची लाँगटेल ठरवता येते. रायले किंवा आओ नांगसारख्या ठिकाणी बोटवाल्यांच्या तिकीटखिडक्या असतात, तिथे दरांचे फलक लावलेले असतात. अर्ध्या दिवसाची बोट सबंध दिवसाच्या बोटीपेक्षा स्वस्त पडते, आणि हॉटेलातलं आणखी एखादं जोडपं सोबत घेतलं तर भाडं निम्मं होतं. सुरक्षिततेचं म्हणाल तर मोठी बोट म्हणजे सुरक्षित बोट असं समीकरण मांडता येत नाही. 5 जुलै 2018 रोजी फुकेतजवळ ‘फीनिक्स’ ही पर्यटकांची बोट वादळी लाटांत बुडाली आणि 47 चिनी पर्यटकांचा जीव गेला. दिवस पावसाळ्याचा होता. समुद्रावरची सुरक्षितता तीन गोष्टींवर ठरते : ऋतू योग्य आहे का, लाइफ जॅकेट अंगात आहे का आणि हवा बिघडली तर आजचा बेत रद्द करायची तयारी आहे का. शेवटची गोष्ट मुक्कामाला असलेल्यालाच परवडते. आज दर्या खवळला तर तो उद्या जातो. ज्याची रात्रीची खोली पुढच्या बेटावर ठरलेली आहे, त्याला मात्र कशाही समुद्रात निघावं लागतं. जेवणाची अडचणही राहिल्यानेच सुटते. थायलंडमध्ये ‘जे’ नावाचं मांस-मासळीविरहित जेवण मिळतं, आणि ते देणाऱ्या खानावळीवर पिवळ्या फलकावर लाल अक्षर असतं. मात्र नेहमीच्या भाज्यांतही मासळीचं पाणी घालतात, म्हणून विचारून घ्यावं लागतं. पहिल्या दिवशी अशी खानावळ शोधावी लागेल, पण पुढचे सगळे दिवस ती आपलीच. रोज गाव बदलणाऱ्याला रोज नव्याने शोधाशोध आहे.

पूर्वपक्ष : आता तुमच्या भूमिकेतली सर्वांत कच्ची जागा सांगतो. मुक्काम बेटाला जड पडतो. फिलिपिन्समधलं बोराकाय पाहा. तिथे माणसं राहतच होती, हॉटेलांचं सांडपाणी समुद्रात जाऊ लागलं, आणि 26 एप्रिल 2018 पासून सहा महिने सबंध बेट पर्यटकांना बंद करावं लागलं. थायलंडने तर 2018 मध्ये सिमिलान बेटांवर रात्री राहायलाच बंदी केली आणि दिवसाला 3,325 माणसांची मर्यादा घातली. म्हणजे सरकारच सांगतंय की पाहा आणि निघा. आणि दिवसाच्या सहलींवर जगणारे खलाशी, स्वयंपाकी, गाडीवाले यांनी काय करायचं?

उत्तरपक्ष : हा आक्षेप मोलाचा आहे आणि त्यातला एक भाग मी स्वीकारतो. जी बेटं राखीव आहेत, जिथे वस्ती नाही, गोडं पाणी नाही, मैला वाहून नेण्याची सोय नाही, तिथे कुणीही रात्री राहू नये. सिमिलान, फी फी ले, माया बे यांना दिवसा, ठरलेल्या संख्येत आणि एकदाच भेट द्यावी. माया बेमध्ये आज नियम कडक आहेत. बोटी खाडीत येत नाहीत, मागच्या बाजूच्या लोह समाह खाडीत लागतात. एका वेळी 375 माणसांनाच प्रवेश मिळतो, पोहायला मनाई आहे, आणि दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात खाडीला विश्रांती देतात. काळ्या टोकाच्या परांचे शार्क त्या पाण्यात पुन्हा दिसू लागले आहेत. म्हणजे माणसांचा ओघ आवरला की समुद्र सावरतो, याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे. म्हणून माझं म्हणणं दुरुस्त करून मांडतो : मुक्काम वस्तीच्या बेटावर, दर्शन राखीव बेटाचं.

पण बोराकायचा दाखला मुक्कामाविरुद्ध जात नाही. बोराकाय बिघडलं ते सांडपाण्याच्या वाहिन्या नीट जोडल्या नव्हत्या म्हणून, आणि किनाऱ्याला खेटून बांधकामं झाली म्हणून. ते पुन्हा उघडताना एका वेळी बेटावर 19,215 पर्यटक एवढी मर्यादा ठरवली गेली, हॉटेलांना सांडपाण्याच्या अटी घातल्या गेल्या आणि मुक्काम चालूच राहिले. मुळात आठ रात्रींच्या प्रवासात आठ रात्री कुठेतरी झोपायचंच आहे. त्या चार बेटांवर वाटल्या तरी पाणी, मैला आणि कचरा तेवढाच. फिरतीमुळे त्यात भर पडते ती बोटींच्या इंधनाची, नांगरांची आणि दर दोन दिवसांनी धुतल्या जाणाऱ्या चादरींची. रोजगाराबद्दलही असंच. फुकेतच्या मोठ्या कंपनीच्या बोटीतून आलेला पर्यटक ठरलेल्या जेवणावळीत जेवून निघून जातो. बेटावर राहणारा माणूस तिथल्याच नाखव्याची बोट घेतो, तिथल्याच खानावळीत जेवतो, सायकल भाड्याने घेतो, बाजारातून फळं घेतो. याओ नोईवर मच्छीमार कुटुंबांनी आपल्या घरांत पाहुणे ठेवायला सुरुवात केली, त्यामागे हाच विचार होता. सहली बंद व्हाव्यात असं मी म्हणत नाही. त्या दिवसभर विखुरल्या जाव्यात, आणि पैसा बेटावर रेंगाळावा, एवढंच म्हणतो.

पूर्वपक्ष : शेवटचा प्रश्न दोघांचा. नवं लग्न झालेलं जोडपं असो की जुनं, एकाच ठिकाणी आठवडाभर राहून कंटाळा येणारच. एकाला पाण्याखाली जायचंय, दुसऱ्याला वाळूत बसून वाचायचंय. फिरती असली की मन गुंतलेलं राहतं आणि कुरबुरीला जागा उरत नाही.

उत्तरपक्ष : फिरतीत मन गुंततं हे खरं, पण गुंततं ते बॅगा, तिकिटं, वेळा आणि भाव करण्यात. उन्हात धक्क्यावर ताटकळताना, बोट लागल्यामुळे मळमळत असताना, खोली फोटोसारखी निघाली नाही म्हणून घासाघीस करताना कुरबुरी जास्त होतात. दोघांच्या आवडी वेगळ्या असणं हे तर एका जागी राहण्याच्या बाजूचं सर्वांत मोठं कारण आहे. सहलीच्या बोटीत दोघांनाही एकच दिवस काढावा लागतो, पाण्याची भीती असणाऱ्यालाही आणि पाण्यातून बाहेर न येणाऱ्यालाही. कोह ताओसारख्या बेटावर डायव्हिंगचा पहिला अभ्यासक्रम तीन-चार दिवसांत पुरा होतो. एकाने सकाळी तो करावा, दुसऱ्याने उथळ पाण्यात मास्क लावून मासे पाहावेत किंवा झोपून राहावं, आणि दुपारी जेवताना एकमेकांना सांगायला दोघांकडे काहीतरी वेगळं असावं. अशी मोकळीक रोजच्या स्थलांतरात मिळत नाही. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसता येत नाही, साधारण अठरा तास थांबावं लागतं, हेही घाईच्या कार्यक्रमात बसत नाही. कंटाळ्याची भीती असेल तर दुसरं बेट जरूर घ्यावं, पण ते पहिल्यापेक्षा स्वभावाने निराळं आणि त्याच समुद्रातलं असावं. रायलेच्या कड्यांनंतर लांताच्या लांब, सपाट पुळणी किंवा ताओच्या पाण्यानंतर समुईचा बाजार. तीन आठवड्यांची रजा असेल, बोटीचा प्रवासच आवडत असेल, तर चार बेटंही करावीत. आठवडाभरासाठी मात्र दोन ही कमाल मर्यादा मानावी.

माझा निष्कर्ष असा : आठ रात्रींत चार बेटं हा कार्यक्रम दोघांच्या सोयीसाठी आखलेला नसतो, मोठ्या घोळक्याला एकाच साच्यातून नेण्यासाठी आखलेला असतो. दोन माणसांना तो पाळण्याची काहीच गरज नाही. बुकिंग करताना तीन प्रश्न विचारा. हा महिना कोणत्या समुद्राचा आहे? बॅगा किती वेळा उचलायच्या आहेत? आणि ज्या जागा पाहायच्या आहेत, तिथे आपण कोणत्या तासाला पोहोचणार? उत्तरं समाधानकारक नसतील तर एक बेट कमी करायला सांगा. जाताना एवढी काळजी मात्र घ्या : प्रवाळाला घातक ठरणारी रसायनं असलेली सनस्क्रीन थायलंडच्या सागरी उद्यानांत 2021 पासून बंद आहे आणि दंड एक लाख बाटपर्यंत होऊ शकतो, म्हणून बाटलीवरचे घटक वाचूनच ती बॅगेत टाका. प्रवाळावर पाय ठेवू नका, माशांना खाऊ घालू नका, आणि नाखवा आज समुद्र बरा नाही म्हणाला, तर त्याचं ऐका.